बुडालेल्या बँकांचा हिशेब

१९६० साल महाराष्ट्राला एका गोष्टीसाठी आठवतं. १ मे रोजी राज्य झालं. वऱ्हाड, मराठवाडा, कोकण, देश सगळे एका नकाशात आले. त्याच वर्षी या नव्या राज्यातल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. इतिहासाच्या पुस्तकांत या बँकेला एखाद-दुसऱ्या ओळीपलीकडे जागा नाही. पण बँकेत पैसे ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाला आज पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीची जी हमी आहे, तिच्या जन्माची हकिकत सांगायची तर अकोल्याचं नाव घ्यावंच लागतं. लक्ष्मी बँकेपाठोपाठ ऑगस्टमध्ये केरळातल्या पलाई गावची पलाई सेंट्रल बँक बंद पडली. वर्षानुवर्षं कागदावर पडून असलेली ठेव विम्याची सूचना या दोन धक्क्यांनंतरच सरकारने हातात घेतली.

या देशातले बँकांचे कायदे असेच झाले आहेत. आधी कुठल्यातरी गावात बँकेच्या दाराला कुलूप लागतं, रांगेत उभी असलेली माणसं हात हलवत घरी जातात, आणि मग दिल्लीत किंवा मुंबईत एखादं कलम लिहिलं जातं. कलमाचा फायदा पुढच्या पिढीला मिळतो. त्याची किंमत मोजणारे ठेवीदार मात्र त्या फायद्यात नसतात.

ही साखळी समजून घ्यायची तर १९३० च्या आसपासच्या महामंदीपासून सुरुवात करावी लागते. त्या मंदीतल्या शेअर बाजाराच्या गोष्टी पुष्कळांना ठाऊक असतात. लहान गावातली बँक मंदीत कशी मोडते, ही गोष्ट कमी सांगितली जाते. ती समजायला वऱ्हाडासारखा दुसरा प्रांत नाही, कारण तिथलं सगळं अर्थकारण एका पिकावर उभं होतं. कारंजा इथे १८८६ साली कापसाची नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली. वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी १८९७ साली वेगळा कायदाच झाला. अकोला, अमरावती, खामगाव या गावांत जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांची धुराडी उभी राहिली. शेतकऱ्याचा कापूस बैलगाडीतून बाजारात येई, अडत्यामार्फत विकला जाई, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होई, रुईच्या गाठी बांधल्या जात आणि रेल्वेने मुंबईला जात. या प्रत्येक टप्प्यावर कुणालातरी काही आठवड्यांसाठी पैसा लागे. तो पैसा सावकार देई, हुंडीवर व्यापारी देई, आणि विसाव्या शतकात हळूहळू बँकाही देऊ लागल्या.

बँकेच्या दृष्टीने हा धंदा सुरक्षित दिसतो. गोदामात गाठी आहेत, गोदामाची किल्ली बँकेकडे आहे, कर्ज गाठींच्या किमतीपेक्षा कमी आहे. पण १९२९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. गोदामातल्या गाठी तेवढ्याच राहिल्या, त्यांच्यावर दिलेलं कर्ज मात्र आता त्यांच्या किमतीहून मोठं झालं. व्यापाऱ्याने गाठी सोडवल्याच नाहीत तर बँकेने त्या विकायच्या कुणाला? शेतकऱ्याची अवस्था त्याहून वाईट. त्याने घेतलेले शंभर रुपये शंभरच होते, पण ते फेडायला आता दुप्पट कापूस लागत होता. शेतसाराही रुपयांतच ठरलेला होता.

याच काळात देशातल्या लाखो घरांतून सोनं बाहेर पडलं. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला, स्टर्लिंगला बांधलेला रुपयाही त्याच्याबरोबर खाली आला आणि रुपयांतला सोन्याचा भाव चढला. शतकानुशतकं सोनं आयात करणारा हा देश काही वर्षं सोन्याचा मोठा निर्यातदार झाला. सरकारी कागदांत ही आकडेवारी व्यापाराच्या सदरात नोंदली गेली. गावात ती पाटल्या, गोठ आणि पुतळ्यांच्या माळा सराफाच्या तागडीत पडण्याच्या रूपाने दिसली. ज्यांच्याकडे मोडायला सोनं नव्हतं, त्यांची कर्जं थकली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या सरकारला १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला. सावकार आणि कुळाला समोरासमोर बसवून देण्याची रक्कम कमी करायची आणि हप्ते पाडायचे, अशी त्यातली व्यवस्था होती. कुळासाठी हा दिलासा गरजेचाच होता. पण सावकाराच्या जागी सहकारी संस्था किंवा बँक असेल, तर तिथे कमी झालेला प्रत्येक रुपया शेवटी कुणाच्यातरी ठेवीतला असतो. मंदीने लहान गावांपुढे टाकलेला पेच हाच होता. तो तेव्हा सुटला नाही.

अमेरिकेत हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर दिसला. तिथल्या अनेक राज्यांत बँकेला शाखा काढायची मनाई असे. त्यामुळे गावाची बँक म्हणजे एक इमारत, आणि कर्ज सगळं आसपासच्या गहू, मका किंवा कापूस पिकवणाऱ्यांना. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव पडले तेव्हापासूनच, म्हणजे शेअर बाजार कोसळण्याच्या कितीतरी आधी, या गावबँका शेकड्यांनी बंद पडत होत्या. १९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँकांनी दारं लावली. मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पदावर येताच साऱ्या देशातल्या बँकांना सक्तीची सुट्टी दिली, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने केंद्र सरकारचं ठेव विमा महामंडळ उभं राहिलं. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतची ठेव विम्याखाली आली; सहा महिन्यांत ही मर्यादा ५,००० झाली.

या विम्याला तिथल्या बँकवाल्यांचाच विरोध होता. चोख बँकेने हप्ता भरायचा आणि बेफिकीर बँकेच्या ठेवीदाराला पैसे मिळायचे, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. त्याला आधारही होता. १९०७ पासून ओक्लाहोमासह आठ राज्यांनी आपापले ठेव हमी निधी काढून पाहिले होते, आणि मंदी भरात येईपर्यंत ते सगळे मोडले होते. एकाच पिकावर जगणाऱ्या राज्याने स्वतःचाच विमा स्वतः उतरवला, तर संकट सगळ्यांवर एकदम येतं आणि निधी पहिल्याच फटक्यात संपतो. संबंध देश एका निधीत आल्यावर मात्र गणित बदललं. १९३४ मध्ये विमा असलेल्या जेमतेम नऊ बँका बुडाल्या. त्यांतली पहिली इलिनॉय राज्यातल्या ईस्ट पिओरिया या लहान गावची. त्या बँकेच्या लिडिया लॉब्सिगर नावाच्या विधवा ठेवीदार बाईंना जुलैच्या सुरुवातीला १,२५० डॉलर मिळाले. राष्ट्रीय ठेव विम्याखाली पैसे परत मिळालेल्या त्या पहिल्या ठेवीदार. बँक मे महिन्यात बुडाली होती. पैसे मिळायला काही आठवडे लागले. हा काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे आपल्याकडच्या हकिकतीत वर्षं मोजावी लागणार आहेत.

भारतात मंदीच्या सुरुवातीलाच प्रांतोप्रांती बँकिंग चौकशी समित्या बसल्या होत्या. मध्यवर्ती समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. देशाला मध्यवर्ती बँक हवी आणि बँकांसाठी स्वतंत्र कायदा हवा, ही त्यातली मुख्य मागणी. पहिली मागणी १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँकेच्या रूपाने पुरी झाली. दुसरी रेंगाळली. १९३६ मध्ये कंपनी कायद्यात बँकांपुरती काही कलमं घातली गेली, किमान भांडवल ५०,००० रुपये ठरलं, तेवढंच. या मंदीच्या वर्षांत माणसं बँकांवर रुसून बसली होती असं मात्र नाही. पुण्यात अर्थशास्त्राचे प्राध्यापक वि. गो. काळे आणि डी. के. साठे यांनी १० लाखांच्या अधिकृत भांडवलावर बँक ऑफ महाराष्ट्र नोंदवली ती १९३५ च्या सप्टेंबरात. मिरज संस्थानात मिरज स्टेट बँक १९२९ सालीच निघाली होती. मराठी मध्यमवर्गाला आपली बचत ओळखीच्या माणसांच्या हाती ठेवायची होती, आणि ओळखीची माणसं बँका काढत होती.

रिझर्व्ह बँकेची पहिली कसोटी लागली ती त्रावणकोरात. तिरुवल्ल्याची त्रावणकोर नॅशनल बँक आणि कोल्लमची क्विलॉन बँक १९३७ मध्ये एकत्र आल्या आणि दक्षिणेतली एक बलाढ्य बँक तयार झाली. वर्षभरात अफवा उठल्या, रांगा लागल्या, आणि २१ जून १९३८ ला बँकेने पैसे देणं थांबवलं. बँकेने रिझर्व्ह बँकेकडे मदत मागितली होती. पुरेसं तारण नाही म्हणून ती मिळाली नाही. या बुडण्याला राजकारणाचीही धार होती. बँकेचे एक प्रमुख के. सी. मम्मन माप्पिळ्ळै हे ‘मलयाळ मनोरमा’चे संपादक, आणि संस्थानाचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्याशी त्यांचं उघड वैर. दिवाणांनीच बँक बुडवली, असं केरळात पुष्कळजण आजही म्हणतात. बँकेचे चालक तुरुंगात गेले, मनोरमाच्या छापखान्याला टाळं लागलं, आणि ते वर्तमानपत्र पुन्हा निघायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. मम्मन माप्पिळ्ळैंच्या धाकट्या मुलाने पुढे मद्रासमध्ये रबरी फुगे करायला सुरुवात केली. आज देशभर रस्त्यांवर दिसणारे एमआरएफचे टायर त्याच धंद्यातून आले. चालकांच्या घराण्याने असं डोकं वर काढलं, पण गावोगावचे ठेवीदार वाट्याला येतील त्या हप्त्यांची वाट पाहत राहिले.

ही बँक बुडाल्यावर साधारण वर्षभराने, जुलै १९३९ मध्ये, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. त्याआधीची त्यांची बहुतेक सनदी नोकरी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात झाली होती. त्या प्रांताचे ते वित्त सचिवही होते. भाव कोसळल्यावर कापसाच्या मुलखात काय होतं, हे त्यांनी खुर्चीवरून का होईना, पण जवळून पाहिलं होतं. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. युद्धाच्या तेजीत गल्लोगल्ली बँका निघत होत्या. आपल्याला अधिकार नसताना त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं, ही रिझर्व्ह बँकेची अडचण. १९४६ मध्ये वटहुकमाने बँकांच्या तपासणीचा अधिकार मिळाला, आणि बँकिंग कंपन्यांचा स्वतंत्र कायदा १६ मार्च १९४९ ला अमलात आला. १९३१ च्या अहवालातली दुसरी मागणी पुरी व्हायला अठरा वर्षं लागली. तोवर बंगालमध्ये बँका धडाधड कोसळायला लागल्या होत्या. त्यांतल्या चार एकत्र करून १९५० मध्ये युनायटेड बँक ऑफ इंडिया उभी करावी लागली.

बँक बंद पडल्यावर पुढे नेमकं काय होतं? हा भाग रुक्ष वाटतो म्हणून सहसा सांगितला जात नाही. ठेवीदाराचं आयुष्य मात्र त्यातच अडकलेलं असतं.

उच्च न्यायालयाचा आदेश होतो आणि बँक अवसायकाच्या, लोकांच्या भाषेत लिक्विडेटरच्या, ताब्यात जाते. तिजोऱ्यांना सील लागतं. खातेवह्यांवरून दोन याद्या तयार होतात: बँक कुणाचं देणं लागते आणि बँकेला कुणाकडून येणं आहे. देण्याची यादी सोपी, ठेवीदार स्वतःच पावत्या घेऊन दारात येतात. येण्याची यादी हेच खरं काम. बँक बुडाली म्हणजे आपलं कर्जही बुडालं, अशी पुष्कळ कर्जदारांची सोयीची समजूत असते. कुणी सही नाकारतो, कुणी रक्कम नाकारतो, कुणी तारण दिलेली जमीन आधीच भावाच्या नावावर केलेली असते. ज्या ज्या गावात शाखा, त्या त्या गावच्या कोर्टात दावे. अवसायकाचा पगार, वकिलांची फी, लिलावाचा खर्च हे सगळं ठेवीदारांच्याच पैशांतून वजा होत राहतं. तारण धरून बसलेले धनको आणि कायद्याने अग्रक्रम दिलेली देणी ठेवीदाराच्या पुढे उभी असतात. उरेल त्यातून त्याला रुपयामागे काही आणे, मग काही वर्षांनी आणखी काही आणे, असा वाटा मिळतो.

यात कायद्याच्या दृष्टीने कुठेही अन्याय नाही. सगळे ठेवीदार समान, सगळ्यांना सारख्या प्रमाणात वाटा. पण ही समानता कुलूप लागल्यानंतर सुरू होते. त्याच्या आदल्या दिवशी ज्याने पैसे काढले, त्याला रुपयाला रुपया मिळाला. दुसऱ्या दिवशी आलेल्याला वाटा. आदल्या दिवशी येतो कोण? ज्याचं बँकेच्या चालकांकडे जाणं-येणं आहे तो, पेठेत ज्याचं दुकान आहे आणि कानावर कुजबुज आली आहे तो, मोठी ठेव असल्यामुळे व्यवस्थापक ज्याला नाही म्हणू शकत नाही तो. दहा कोसांवरच्या गावातून आठवड्याच्या बाजारालाच येणारा शेतकरी, शाळामास्तर, पतीच्या फंडाचे पैसे मुदत ठेवीत गुंतवलेली बाई, यांना बातमी कळते ती दारावरच्या नोटिशीतून. लहान गावातल्या बँकेचं बळ तिच्या ओळखीत असतं, आणि ती बुडताना त्याच ओळखी ठरवतात की कोण तरेल. या एका गोष्टीसाठी तरी ठेव विमा हवा होता. तो असला की आदल्या दिवशी धावत येण्याची गरजच उरत नाही.

संसदेने १९५३ मध्ये अवसायनाची कलमं सुधारली. बुडालेल्या बँकेचे सगळे वाद एकट्या उच्च न्यायालयाकडे आले, कर्जदारांची यादी थेट तिथेच निश्चित करायची सोय झाली. आणि एक छोटी, माणुसकीची तरतूद आली: बचत खात्याच्या ठेवीदाराला आधी २५० रुपये, किंवा खात्यात त्याहून कमी असतील तर तेवढे, द्यायचे; मग इतर ठेवीदारांनाही त्याच मर्यादेपर्यंत; आणि बाकीचा हिशेब त्यानंतर. २५० रुपये त्या काळी साध्या घराचे काही महिन्यांचे धान्य-किराण्याचे पैसे होते. बँक बुडाली तरी निदान चूल विझू नये, हा विचार कायद्यात पहिल्यांदा शिरला तो इथे.

विम्याची शिफारस त्याच सुमारास झाली होती. ग्रामीण बँकिंग चौकशी समितीने १९५० मध्ये आणि ए. डी. श्रॉफ यांच्या समितीने १९५४ मध्ये ठेव विम्याचा विषय मांडला. उत्तर तेच आलं, जे अमेरिकेतल्या बँकवाल्यांनी दिलं होतं: मोठ्या बँकांनी लहान बँकांच्या चुकांचा हप्ता का भरावा? विषय मागे पडला.

मग १९६० उजाडलं. लक्ष्मी बँक बुडाली; ८ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केरळ उच्च न्यायालयात पलाई सेंट्रल बँकेच्या अवसायनाची प्रक्रिया सुरू झाली. पलाईची बँक १९२७ ची, मंदीतून आणि १९३८ च्या वादळातून तगलेली. रिझर्व्ह बँकेने एक चालती बँक मारली, असा आरोप संसदेत आणि वर्तमानपत्रांत झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा अधिकार कायम राहिला. पण आरोपात एक खरी वेदना होती. बँक तोट्यात आहे हे तपासणीत वर्षानुवर्षं दिसत होतं, तर सामान्य ठेवीदाराला ते का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर बँक त्याच दिवशी बुडाली असती, हे उत्तर बरोबर आहे, आणि ठेवीदाराच्या काही कामाचं नाही. या कोंडीतून निघायला दोनच वाटा होत्या. बुडायच्या आधीच बँक दुसऱ्या बँकेत विलीन करणं, आणि बुडालीच तर ठेवीदाराला विम्यातून पैसे देणं. १९६० आणि १९६१ या दोन वर्षांत दोन्ही वाटा कायद्यात आल्या. सप्टेंबर १९६० च्या दुरुस्तीने व्यवहार तात्पुरते गोठवून बँकेचं सक्तीने विलीनीकरण करण्याची सोय झाली, आणि ठेव विमा महामंडळाने १ जानेवारी १९६२ पासून काम सुरू केलं. केंद्रीय पातळीवर असा विमा आणणारा भारत अमेरिकेनंतरचा दुसरा देश मानला जातो.

मर्यादा होती १,५०० रुपये. हप्ता शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला पाच पैसे. सुरुवातीला २८७ बँका नोंदल्या गेल्या, आणि १९६७ संपता संपता त्यांतल्या १०० उरल्या. उरलेल्या गेल्या कुठे? बहुतेक विलीन झाल्या. विमा सुरू होण्याआधीच, १९६१ मध्ये, बँक ऑफ कोकण आणि बँक ऑफ नागपूर अशाच बँक ऑफ महाराष्ट्रात आल्या होत्या. ठेवीदाराच्या दृष्टीने याहून चांगलं काही होऊ शकत नव्हतं: पैसे जागच्या जागी, फक्त पाटी बदलली. तरी गावाच्या नावाची बँक गेली, तिचे निर्णय गावात घेणारी मंडळी गेली, हे नुकसानही खरंच आहे. बुडालेल्या ठेवींपेक्षा ते सहन करण्यासारखं होतं, इतकंच.

कृष्णाकाठच्या दोन बँकांची तुलना केली की विलीनीकरण आणि अवसायन यांतला फरक उघड दिसतो. १९२९ ची मिरज स्टेट बँक अडचणीत आली तेव्हा १९८५ मध्ये ती युनियन बँकेत विलीन झाली. १९४६ ची बँक ऑफ कराड मात्र १९९२ मध्ये अवसायनात गेली. कराडच्या बँकेचं दुखणं कराडमध्ये नव्हतंच. सातारा-सांगली पट्ट्यातल्या ऊसवाल्यांच्या, दुकानदारांच्या ठेवी घेणारी ही बँक मुंबईच्या रोखेबाजारात ओढली गेली. सरकारी रोखे प्रत्यक्ष हाती येईपर्यंत एका बँकेने दुसरीला द्यायची पावती, तिला बँकर्स रिसीट म्हणत. मागे रोखे नसतानाही कराडच्या बँकेच्या नावाने अशा पावत्या दिल्या गेल्या आणि दलालांनी त्या मोठ्या बँकांकडे चालवून पैसा उचलला. एप्रिल १९९२ मध्ये दलाल हर्षद मेहताचं रोख्यांचं प्रकरण फुटलं, त्याच्या चौकशीला जानकीरामन समिती बसली, आणि या पावत्यांचा डोंगर समोर आला. जिच्या नावावर किती दावे येतील हेच कुणाला ठाऊक नाही, अशी बँक दुसरी कोणती बँक पदरात घेणार? रिझर्व्ह बँकेने न्यायालयात धाव घेतली आणि मे महिनाअखेरीस कराडच्या बँकेचा कारभार अवसायकाकडे गेला. तेव्हा विम्याची मर्यादा ३०,००० रुपये होती, १९८० पासून न बदललेली. ती एक लाख झाली मे १९९३ मध्ये, म्हणजे कराडनंतर. बँक ऑफ इंडियाने १९९४ मध्ये बँक ऑफ कराड ताब्यात घेतली, तेव्हा कुठे तिथल्या व्यवहारांना पुन्हा घर मिळालं.

एक लाखाची ती मर्यादा पुढे सत्तावीस वर्षं तशीच राहिली. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले होते. सुरुवातीला ठेवीदारांना सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढायची मुभा होती. इथेही आधी कुलूप, मग कलम. पुण्याची रुपी बँक तर १९१२ ची, मंदी पाहिलेली, युद्धं पाहिलेली. तिच्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द होऊन सप्टेंबर २०२२ मध्ये ती बंद झाली. मधली साडेनऊ वर्षं बँक जिवंतही नव्हती आणि मेलेलीही नव्हती. विमा अवसायनानंतरच मिळायचा आणि अवसायन होत नव्हतं. म्हातारपणाची पुंजी तिथे अडकलेल्या माणसांना या काळात औषधपाण्यासाठीही आपल्याच पैशांची याचना करावी लागली. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची रक्कम विम्याच्या मर्यादेत बसत होती, म्हणजे पैसे देण्यात अडचण पैशांची नव्हतीच. २०२१ च्या दुरुस्तीने ही फट बुजवली: निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची, परवाना रद्द होण्याची वाट पाहायची नाही. ईस्ट पिओरियात १९३४ मध्ये जे आठवड्यांत झालं, ते आपल्याकडे कायद्याने बंधनकारक व्हायला सत्याऐंशी वर्षं गेली.

या सगळ्या संरक्षणाबाहेर अजून एक मोठा दरवाजा उघडा आहे. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात आज बचत फक्त बँकेत जात नाही. ती नागरी पतसंस्थेत, पगारदारांच्या सोसायटीत, बहुराज्य पतसंस्थेतही जाते. तिथला पिग्मी एजंट रोज दुकानात येतो, व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं, अध्यक्ष गावातलेच असतात. बोर्ड, काउंटर, पासबुक सगळं बँकेसारखं. पण पतसंस्था ही कायद्याने बँक नाही, म्हणून ठेव विमा तिला लागू नाही. १,५०० चाही नाही आणि पाच लाखांचाही नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला, तेव्हा तिच्या ठेवीदारांच्या हाती १९३८ च्या तिरुवल्ल्यातल्या ठेवीदाराइतकाच हक्क होता: मालमत्ता विकल्या जातील, कर्जं वसूल होतील, त्यातून येईल तो वाटा.